एकच लिफ्ट, खाली अख्खा डोंगर: बेळगावहून गुलमर्गच्या अवघड उतारावर जायचं तर काय आधी, काय नंतर

दर हिवाळ्यात आपल्याकडनं, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं दोन-चार ग्रुप गुलमर्गला स्कीइंगला जातात. त्यातले काही जण बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स करून आलेले असतात, दोन-तीन सीझन झालेले असतात आणि आता त्यांना वरचं, फेज टूचं (गोंडोला म्हणजे केबल कारच्या दुसऱ्या टप्प्यावरचं) अवघड टेरेन करायचं असतं. इच्छा चांगली आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सगळ्यांचा क्रम उलटा असतोय. आधी विमानाचं तिकीट, मग हॉटेल, मग गोंडोलाचं तिकीट, तिथं पोचल्यावर भाड्याचे बूट, गाइड मिळाला तर मिळाला, आणि बीकन (बर्फात गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र) म्हणजे काय ते लिफ्टच्या रांगेत उभं राहून विचारायचं. हा क्रम पूर्ण उलटा करायचाय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांनी अजून पायात स्की घातलेलीच नाही त्यांनी आधी कोर्स करा, हे नंतर वाचा.

१. एरिया छोटं म्हणजे नेमकं काय ते आधी समजून घ्या

लिफ्ट कमी, उतार अवघड, अशी ठिकाणं जगात बरीच आहेत. फ्रान्समधलं ला ग्राव्ह घ्या, मुख्य केबल कार एकच आणि ती ३,२०० मीटरपर्यंत सोडते, खाली येताना हिमनदी आणि खडकातल्या अरुंद घळया. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं सिल्व्हरटन, तिथं एकच चेअरलिफ्ट, आणि बीकन, फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब घडीची काठी) अंगावर नसेल तर वर जाताच येत नाही. मिशिगनमधल्या माउंट बोहेमियाला तर नवशिक्यांसाठी उतारच ठेवलेला नाही. न्यूझीलंडच्या क्रेगीबर्नला दोरीची लिफ्ट आहे, कमरेच्या पट्ट्याला लावलेला लोखंडी चिमटा चालत्या दोरीवर अडकवून वर जायचं असतंय.

आपल्यासाठी या जातीचं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे गुलमर्ग. गाव साधारण २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, ते ३,१०० च्या आसपास, आणि दुसरा टप्पा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटर. म्हणजे एका दमात हजार-तेराशे मीटरचा उतार. ग्रूम केलेला (यंत्रानं दाबून सपाट केलेला) भाग थोडा, बाकी सगळा कच्चा डोंगर. औलीला शिकायला जा, सोलंगला सराव करा, पण अवघड उतार पाहिजे म्हणून तिकडं जाऊ नका, निराश व्हाल.

लोक फसतात ते इथंच. मोठ्या रिसॉर्टमध्ये प्रत्येक रनला रंग, नंबर, कडेला जाळी, दर थोड्या अंतरावर पेट्रोलवाला (गस्त घालणारा, मदतीला येणारा माणूस). छोट्या एरियात यातलं फार थोडं असतंय. गुलमर्गला स्की पेट्रोल आहे, ते चांगलं काम करतात, पण त्यांचं लक्ष मुख्यतः गोंडोलाखालच्या बाऊलवर, म्हणजे वाटीसारख्या उतारावर. त्या बाऊलच्या बाहेर गेलात की तुम्ही आणि तुमचा ग्रुप, बस्स. हापतखुदसारख्या नाळेत शिरलात तर खालून कुणाला दिसतही नाही.

तपासा: जिथं जाणार तिथं कुठला भाग पेट्रोलच्या ताब्यात आहे, तो कोण आणि कधी उघडतं, आणि बाहेर काही झालं तर कोण येणार. याची उत्तरं तिकीट काढायच्या आधी मिळवा.

२. स्वतःची परीक्षा, दुसऱ्याकडनं घ्या

"मला येतंय" हे आपण आपलं ठरवायचं नसतंय. मागच्या सीझनच्या इन्स्ट्रक्टरला विचारा किंवा कुणाला तरी व्हिडिओ काढायला लावा. खालच्या गोष्टी न पडता, न थांबता जमायला पाहिजेत:

- तीव्र उतारावर दोन्ही बाजूंनी साइड स्लिप (स्की आडव्या ठेवून खाली घसरणं), पाहिजे तिथं थांबून.
- स्की काढायला न लागता उतारावर किक टर्न (जागेवर उभं राहून एकेक स्की उचलून दिशा बदलणं), चढाकडच्या आणि दरीकडच्या, दोन्ही.
- वीस छोटे टर्न सलग, आणि वेग पहिल्या टर्नला जेवढा तेवढाच विसाव्याला.
- गुडघाभर पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, पडल्यावर स्वतः उठणं आणि निघालेली स्की परत घालणं. हे साधं वाटतंय, पण उतारावर पंधरा मिनिटं यातच जातात आणि माणूस घामानं भिजतो.
- उकरलेल्या, गोठलेल्या, लाकडासारख्या कडक बर्फावरही एज (स्कीची धातूची धार) धरणं. पावडरचे फोटो बघून गेलेल्यांना बहुतेक वेळा हेच वाट्याला येतंय.

यातलं एक जरी डळमळीत असलं तर ट्रिपचे पहिले चार दिवस इन्स्ट्रक्टर घेऊन कोंगडोरीच्या उतारावर घालवायचे, असं आत्ताच ठरवा. फेज टूचं बघू नंतर.

३. बेळगावातले दहा आठवडे

स्कीइंगमध्ये मांडी दमते ती वजन पेलत पेलत, ब्रेक लावल्यासारखी. त्यामुळं चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त लागतो, आणि इथंच आपली पोरं चुकतात, जिममध्ये ट्रेडमिलवर पळत बसतात. येळ्ळूरचा राजहंसगड आहे की आपल्याला. आठवड्यातनं दोनदा, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढा, आणि उतरताना घाई न करता, गुडघे वाकवून, प्रत्येक पाऊल ताब्यात ठेवून उतरा. पहिल्या आठवड्यात एक फेरी, सहाव्या आठवड्यापर्यंत तीन. घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर उठबशा, आणि पोटाचे व्यायाम. आपल्याकडं स्केटिंगची पोरं भरपूर आहेत, इनलाइन स्केट येत असतील तर ते चालू ठेवा, वजन एका एजवरनं दुसऱ्यावर कसं न्यायचं याची सवय पायाला राहते.

शेवटच्या आठवड्यात मात्र आराम. मी दोनदा बघितलंय, निघायच्या आदल्या दिवशी लोक गड चढून पाय भरून घेतात आणि मग दोन दिवस गाडीत, विमानात बसून ते पाय आखडतात.

सावध: गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हे दहा आठवडे सुरू करायच्या आधी डॉक्टरला दाखवा. तिथं जाऊन कळलं तर उपयोग नाही.

४. बीकन, प्रोब, फावडं: सराव घरीच

सगळ्यात जास्त चूक इथंच होते, म्हणून इथं थोडं जास्त लिहितो.

अव्हलांचमध्ये (हिमस्खलनात) गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्यानं खाली येते. एवढ्या वेळात खालनं कुणी येऊ शकत नाही. म्हणजे तुम्हाला काढणार ते तुमच्या ग्रुपमधलेच. त्यामुळं गाइडकडं बीकन आहे, बास झालं, हा हिशोब चालत नाही. गाइडच गाडला गेला तर?

प्रत्येकाकडं तीन वस्तू: तीन अँटेनावाला डिजिटल बीकन (सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात), निदान २४० सेंटीमीटरचा प्रोब, आणि धातूचं फावडं. प्लास्टिकचं नको, थांबलेला अव्हलांचचा बर्फ सिमेंटसारखा होतो. भाड्यानं घेणार असाल तरी मॉडेल आधी विचारून घ्या आणि त्याचं मॅन्युअल वाचा.

सरावाचा क्रम असा ठेवा:

पहिला आठवडा, मोकळं मैदान. व्हॅक्सिन डेपोला सकाळी या, एकानं बीकन सेंडवर ठेवून पोत्यात घालून लपवायचं, दुसऱ्यानं सर्चवर टाकून शोधायचं. बाण आणि आकडा बघत चाला, आकडा वाढायला लागला तर उलट जाताय.

दुसरा आठवडा, शेवटचे तीन मीटर. इथं सगळे गडबडतात. वेग एकदम कमी करायचा, बीकन जमिनीलगत आणायचं, दिशा न फिरवता आधी पुढं-मागं आणि मग आडवं सरकवायचं, सगळ्यात लहान आकडा मिळेल तिथं खूण. उभं राहून हातातलं बीकन इकडं तिकडं फिरवत बसलात तर पाच मिनिटं तिथंच गेली.

तिसरा आठवडा, प्रोब. खानापूर भागात कुणाची भाताच्या पिंजराची गंजी असेल तर मालकाला विचारून त्यात पोतं दडवा आणि प्रोब घालून बघा, मऊ आणि घट्ट यातला फरक हाताला कळायला पाहिजे. खुणेपासनं गोल गोल बाहेर जात, दर २५ सेंटीमीटरवर, उताराला काटकोनात खुपसायचं. लागलं की प्रोब काढायचा नाही, तिथंच ठेवायचा.

चौथा आठवडा, खणणं. लोक प्रोबच्या डोक्यावरच उभं राहून खाली खणतात, म्हणजे माणसाच्या अंगावर उभे. प्रोबपासनं उताराच्या खालच्या बाजूला, जेवढा खोल आहे त्याच्या दीडपट अंतरावर जाऊन, तिथनं आत खणत यायचं. बर्फ उचलून फेकू नका, मागं ढकला. आधी तोंड आणि छाती मोकळी.

शेवटी हे सगळं एकत्र, घड्याळ लावून, जाड ग्लोव्ह्ज घालून.

तपासा: बॅटरी नव्या अल्कलाइन, कंपनीनं दुसरं काही सांगितलं नसेल तर चार्जिंगच्या घालू नका. मोबाईल आणि बीकनमध्ये सेंडवर असताना २० सेंटीमीटर, शोधताना ५० सेंटीमीटर अंतर. बीकन बाहेरच्या जॅकेटच्या खिशात नको, आतल्या थरावर पट्ट्यानं बांधलेलं.

याच काळात उताराचा कोनही डोळ्यात बसवून घ्या. बहुतेक अव्हलांच ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. मोबाईलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप टाका, आणि जांबोटीकडच्या जुन्या कौलारू घरांची छपरं मोजून बघा, गडाचे उतार मोजा, आधी डोळ्यानं अंदाज, मग माप. महिन्याभरात अंदाज दोन-तीन अंशांच्या आत यायला लागतो, आणि तो वरती फार कामाला येतोय.

५. सामान आणि कागद

स्वतःची एकच वस्तू घेणार असाल तर ती बूट असू दे. स्की भाड्यानं चालते, बूट नाही. बुटात जाड दोन सॉक्स घालू नका, पातळ एकच. टाच उचलली तर बूट मोठा आहे, दुकानदार काही म्हणू दे. स्की भाड्यानं घेताना स्कीच्या मधल्या भागाची, म्हणजे तिच्या कमरेची, रुंदी १०० ते ११५ मिलीमीटर असली की पावडरमध्ये बरी.

बाइंडिंगचं (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं) सेटिंग करताना वजन, उंची, वय, कसं स्की करता ते आणि बुटाच्या तळव्याची लांबी (टाचेजवळ मिलीमीटरमध्ये लिहिलेली असते) सांगायचं. वजन खरं सांगा. आणि अवघड उतार आहे म्हणून "जरा टाइट कर" असं म्हणू नका, स्की सुटली नाही की गुडघा सुटतो. टूरिंगचे (स्की घालून चढ चढायचे) बूट असतील तर ते त्या बाइंडिंगमध्ये चालतात का हे विचारल्याशिवाय घालू नका, सगळे तळवे सगळ्या बाइंडिंगना बसत नाहीत.

आता दोन गोष्टी ज्या आपल्याकडचे हमखास विसरतात. एक, प्रीपेड सिम. कर्नाटक काय, महाराष्ट्र काय, बाहेरचं प्रीपेड काश्मीरमध्ये चालत नाही, निदान दोघांकडं पोस्टपेड पाहिजे, आणि ते निघायच्या आधी चालू करून. दुसरी, सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर. परदेशातल्या भावानं प्रेमानं दिलेला असला तरी घरीच ठेवा, भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि गुलमर्ग नियंत्रण रेषेजवळ आहे. लोकांना एअरपोर्टवर अटक झालेली आहे.

एअरबॅगची बॅग (अव्हलांचमध्ये फुगून माणसाला वर ठेवणारी) असेल तर सिलिंडरसाठी एअरलाइनची परवानगी आधी घ्यावी लागते. इन्शुरन्समध्ये "ऑफ पिस्ट" (आखलेल्या रनच्या बाहेरचं स्कीइंग) आणि बचावाचा खर्च धरलाय का ते वाचा, नुसतं "ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे" म्हणून चालत नाही.

आणि गाइड आत्ताच ठरवा, तिथं जाऊन नको. त्याला तीन प्रश्न विचारा: अव्हलांचचं काय ट्रेनिंग झालंय, जास्तीत जास्त किती जणांना घेऊन जातो, आणि कुठल्या दिवशी तो वर नेत नाही. तिसऱ्याला "साहेब, रोज जाऊ" असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

६. पोचल्यावर पहिले तीन दिवस

बेळगाव साडेसातशे मीटरवर. सांबऱ्याहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर, तिथनं टनमर्गमार्गे पन्नासेक किलोमीटर गाडी, म्हणजे दीड-दोन दिवसांत तुम्ही २,६५० वर झोपता. दुसऱ्याच सकाळी गोंडोला तुम्हाला ३,९५० वर सोडणार, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या थोडा वर.

पहिला दिवस: काही नाही. गावात चाला, पाणी प्या, सामान तपासा, पेट्रोलच्या ऑफिसमध्ये जाऊन ओळख करून घ्या.
दुसरा दिवस: फक्त फेज वन. ग्रूम केलेल्या उतारावर पाय मोकळे करा, भाड्याचं सामान त्रास देतंय का बघा आणि देत असेल तर त्याच संध्याकाळी बदला.
तिसरा दिवस: फेज वनच, पण कडेच्या कच्च्या बर्फात, गाइडबरोबर. दुपारी बर्फात बीकनचा सराव, पूर्ण ग्रुपनं.

डोकं दुखतंय, मळमळतंय, रात्री झोप नाही, तर चौथ्या दिवशी वर जायचं नाही. वाढत गेलं तर खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते बेळगावातच डॉक्टरला विचारून ठेवा, ग्रुपमधल्या कुणीतरी दिली म्हणून घेऊ नका.

७. रोज सकाळचा हिशोब

काश्मीरमध्ये बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभातनं, दोन-तीन दिवस सलग पडतो, फेज टू बंद राहतो, आणि मग एका सकाळी निळं आभाळ. त्या सकाळी सगळं गाव गोंडोलाच्या रांगेत. अव्हलांचच्या हिशोबानं सगळ्यात वाईट दिवसांपैकी हा एक, कारण नवीन बर्फ अजून बसलेला नसतो. आपल्याकडनं गेलेल्यांची सुट्टी मोजकी, परतीचं तिकीट डोक्यात, त्यामुळं तेच सगळ्यात जास्त घाई करतात. म्हणून ट्रिप आखतानाच दोन दिवस रिकामे सोडा. सात दिवसांत दोन दिवस चांगले मिळाले तरी पुरे.

सकाळी या क्रमानं:

आधी बुलेटिन. डीजीआरई म्हणजे संरक्षण खात्याची संस्था अव्हलांचचे इशारे देते, आणि गुलमर्गचं स्थानिक पेट्रोलकडनं कळतं. धोक्याची पातळी १ ते ५ असते. ४-५ ला फारसं कुणी वर जात नाही, १-२ ला धोका कमी असला तरी शून्य नसतो, आणि बरीच माणसं दगावतात ती ३ ला, कारण तीन म्हणजे मधलं असं वाटतं. तीनला तीव्र उतार टाळायचे, एवढं पक्कं.

मग तीन प्रश्न: गेल्या २४ तासांत ३० सेंटीमीटरच्या वर पडलाय का? वाऱ्यानं बर्फ एका बाजूला आणून टाकलाय का? तापमान एकदम वाढलंय का? एकाचं जरी उत्तर हो असलं तर आज झाडी किंवा फेज वन.

मग डोळे आणि कान. काल-आज कुठं अव्हलांच सुटलेला दिसतोय? पायाखाली "धप्प" असा दबका आवाज येतोय? स्कीच्या पुढं बर्फाला तडा पळत जातोय? या तिन्हींपैकी काहीही दिसलं की परत. इथं चर्चा नको.

सावध: आधी कुणाच्या तरी स्कीच्या रेषा दिसल्या म्हणून उतार सुरक्षित होत नाही. २०२३ च्या १ फेब्रुवारीला हापतखुदमध्ये अव्हलांचमध्ये पोलंडचे दोन स्कीअर दगावले. अनुभवी माणसांनाही डोंगर सूट देत नाही.

८. फेज टूची पहिली रन

खालच्या स्टेशनवर, रांगेत लागायच्या आधी, एकेकाचं बीकन तपासा. एक जण सर्चवर, बाकीचे सेंडवर, एकेक करून समोरनं जायचं. शेवटी तपासणाऱ्यानं स्वतःचं सेंडवर टाकून दाखवायचं, हे विसरतात.

वर उतरल्यावर लगेच निघू नका. दहा मिनिटं थांबा, श्वास ताळ्यावर येऊ दे, बूट आवळा, गॉगलवरचं धुकं बघा, वारा कुठनं येतोय बघा. पेट्रोलचा बोर्ड परत एकदा वाचा.

पहिली रन फक्त गोंडोलाखालच्या बाऊलमध्ये, तेही तो उघडा असेल तर. कितीही चांगले असलात तरी.

उतरताना एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी, उताराच्या कडेला, डोळे त्याच्यावरच. तो खाली आडोशाला पोचून हात वर करेपर्यंत दुसऱ्यानं निघायचं नाही. सगळे एकदम सुटले आणि मध्येच गोल करून उभे राहून फोटो काढायला लागले, हे दृश्य दरवर्षी दिसतं, आणि मला ते बघून खरंच भीती वाटते, कारण काही झालं तर शोधायला वर कुणीच उरलेलं नसतंय. काठीचे पट्टे मनगटातनं काढून ठेवा, अडकलेली काठी माणसाला बर्फाखाली ओढते.

अव्हलांच सुटलाच तर: ओरडा, बाजूला सटकायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर हातपाय मारत वर राहा, थांबत आला की तोंडासमोर हात. बघणाऱ्यांनी तो शेवटचा कुठं दिसला ती जागा पक्की धरायची, वरनं दुसरा सुटणार नाही ना ते बघायचं, आणि सगळ्यांनी बीकन सर्चवर टाकायचं, सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. एक जरी सेंडवर राहिला तर बाकीचे त्यालाच शोधत बसतात.

९. झाडीतल्या रन

वर वारा असेल, फेज टू बंद असेल तर कोंगडोरीहून बाबारेशी किंवा द्रंगकडं झाडीतनं उतरता येतं, खाली रस्ता लागतो आणि जीपनं परत वर. लोकांना वाटतं झाडी म्हणजे सेफ. झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली मऊ बर्फाचा खड्डा असतो, त्यात डोक्यावर पडलं तर एकट्याला निघता येत नाही आणि श्वास कोंडतो. म्हणून झाडीत जोडीनं, एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, दर थोड्या वेळानं हाक मारत. मराठीतनंच मारा, तिथं ती लगेच ओळखू येते. झाडांकडं बघू नका, मधल्या मोकळ्या जागेकडं बघा, स्की जिकडं नजर तिकडं जाते.

खाली जीप आधी ठरवून ठेवा. पाचनंतर अंधारून यायला लागतं, घामानं भिजलेला माणूस रस्त्यावर अर्धा तास थांबला की थंडी भरते.

१०. संध्याकाळी

खोलीवर आल्यावर आधी घरी मेसेज, मग चहा. बीकन बंद करा, बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, अर्ध्यावर आली तर बदला. प्रोब उलगडून वाळवा, नाहीतर सकाळी सांधे गोठलेले. बुटाचे लायनर बाहेर काढून बुखारीपासनं (खोलीतल्या शेगडीपासनं) हातभर लांब ठेवा, चिकटवून नको, लायनर वितळतो आणि मग उद्या बूटच चढत नाही.

आणि झोपायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून आज कुठं घाई झाली ते नाव घेऊन सांगायचं. आमच्या ग्रुपमध्ये निपाणीचा एक जण पहिल्यांदा बोलला, की तिसऱ्या टर्नला मी थांबलो नाही, तुम्ही बघत होता का मला माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही हात वर करायची खूण पक्की केली, आणि दुसऱ्या दिवशी तीच पाळली.